जड दिवसांमधलं अंतर: छप्पन्नाव्या वर्षीच्या स्नॅच आणि क्लीन अँड जर्कचं एक प्रकरण

पन्नाशी ओलांडलेल्या वेटलिफ्टरची उचल उतरायला लागली की व्यायामशाळेत दोनच सल्ले मिळतात. एक म्हणजे "आता वय झालं, वजन हलकं करा." दुसरा, "बैठका वाढवा, पायात ताकद राहिली नाही." या प्रकरणात दोन्ही सल्ले पाळून झाले होते आणि दोन्हींनी नुकसानच केलं. ताकद शाबूत होती. गेला होता तो वेग, आणि तोही थकव्याखाली दडपला होता. जड वजन सोडून द्यायची गरज नव्हती. दोन जड दिवसांमधलं अंतर वाढवायला हवं होतं.

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. खानदेशात पन्नाशीनंतर पुन्हा वेटलिफ्टिंगच्या बारकडे वळणाऱ्यांमध्ये जे वारंवार दिसतं, ते एका खेळाडूच्या रूपात मांडलं आहे. व्यायामशाळेतली पोरं त्यांना आप्पा म्हणतात, इथेही तेच नाव ठेवलं आहे.

माणूस, जागा, सामान

आप्पा ५६ वर्षांचे, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८०.४ किलो. अमळनेर तालुक्यातल्या गावी माध्यमिक शाळेत शिक्षक. घरची सहा एकर शेती, त्यात कापूस आणि रब्बीला दादर (ज्वारी) व थोडा गहू. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून उचलायचे. तेव्हाची सर्वोत्तम उचल स्नॅच (बार जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर) १०० आणि क्लीन अँड जर्क (बार आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) १२७.५ किलो. (त्या काळी बारवरचं वजन अडीच किलोच्या पटीतच वाढायचं, एक किलोने वाढवायची मुभा २००५ मध्ये आली.) सत्ताविसाव्या वर्षी खेळ सुटला. एक्कावन्नाव्या वर्षी पुन्हा सुरू केला, आणि चार वर्षांत स्नॅच ६८, क्लीन अँड जर्क ८६ पर्यंत आणला. मग सात महिन्यांत दोन्ही घसरून ६२ आणि ८० वर आले. सोबत उजव्या खांद्यात पुढच्या बाजूने कळ आणि डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखणं. जिना उतरताना ते जास्त, उठल्याबरोबर सर्वात जास्त.

व्यायामशाळा पत्र्याच्या शेडमध्ये. वीस किलोचा एक चांगला बार, दहा किलोच्या बंपर (रबरी) प्लेटच्या दोन जोड्या, बाकी सगळ्या लोखंडी प्लेट. खाली शहाबादी फरशी. सामानाचं हे वर्णन उगाच दिलेलं नाही. दुखण्याची दोन कारणं इथेच होती.

पहिलं कारण बारच्या उंचीचं. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, म्हणजे बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. दहाचे बंपर चढवले की उंची बरोबर मिळते, पण त्यासाठी बारवर निदान ४० किलो हवेत. आप्पा तीसचं वॉर्मअप पाच किलोच्या लोखंडी प्लेटवर जमिनीवरून करत. त्या प्लेटचा व्यास साधारण बावीस सेंटिमीटर, म्हणजे बार अकरावर. अंग गार, घोटा आखडलेला, त्यात बार साडेअकरा सेंटिमीटर खाली. कंबर गोल होणारच, आणि रोज सकाळची पहिली पंधरावीस खेचणी चुकीच्या पाठीने व्हायची. प्लेटखाली साडेअकरा सेंटिमीटर जाडीचे दोन लाकडी ठोकळे ठेवले की प्रश्न मिटतो.

दुसरं कारण बार खाली आणण्याचं. फरशी फुटेल म्हणून सगळे जण डोक्यावरचा बार हातांनी उतरवायचे. वीस वर्षांच्या मुलाला ते खपून जातं. छप्पन्नाव्या वर्षी साठ किलो डोक्यावरून ताणत मांडीपर्यंत आणणं हे खांद्याच्या कंडरांसाठी (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांसाठी) उचलण्याइतकंच कष्टाचं काम आहे, आणि ते प्रत्येक उचलीमागे होतं. भंगारात कन्व्हेयर बेल्टचा जाड रबर मिळतो. त्याचे दोन थर दोन्ही प्लेटखाली टाकले आणि बार कमरेच्या उंचीपर्यंत हातात ठेवून मग सोडायची सवय लावली. पूर्ण डोक्यावरून सोडायला बंपर कमी होते.

वही काय सांगत होती

आप्पा वही ठेवतात, हे या प्रकरणाचं भाग्य. जुनं वेळापत्रक असं: सोमवार ते शनिवार पहाटे, रोज स्नॅच त्या दिवशीच्या कमाल वजनापर्यंत, दिवसाआड क्लीन अँड जर्क, आणि रोज पाठीवरच्या बैठका (बार मानेमागे खांद्यांवर घेऊन) पाचाचे पाच सेट. ८५ टक्क्यांच्या वरच्या उचली आठवड्याला पन्नासच्या आसपास जात होत्या, आणि त्यातली दर चौथी पडत होती. हा आराखडा त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतलाच, फक्त किलो बदललेले.

वहीतले आकडे शेजारी-शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. पाठीवरची बैठक १२२, पुढची बैठक (बार गळ्यापुढे खांद्यांवर) १०५, क्लीन अँड जर्क ८०. घोटलेल्या वेटलिफ्टरचं क्लीन साधारणपणे पुढच्या बैठकीच्या ८५ ते ९० टक्के असतं. आप्पांचं ७६. म्हणजे पायांत जी ताकद आहे, ती बारपर्यंत पोहोचतच नाही. अशा माणसाला बैठका वाढवायला सांगणं म्हणजे भरलेल्या विहिरीत पाणी ओतणं.

स्नॅचची गोष्ट आणखी बोलकी आहे. पूर्ण बैठकीतला स्नॅच ६२, आणि गुडघे थोडेच वाकवून घेतलेला पॉवर स्नॅच ५८. तरुण खेळाडूंमध्ये पॉवर स्नॅच पूर्ण स्नॅचच्या ८० ते ८५ टक्के असतो, कारण खोल बसता येणाऱ्याला बार फार वर खेचावाच लागत नाही. इथे तो ९४ टक्के आहे. खोल बसण्याचा फायदा आप्पांना मिळतोय फक्त चार किलोचा, आणि त्या चार किलोंसाठी दुखरा खांदा रोज सर्वात अडचणीच्या कोनात भार घेतोय.

कारण तपासणीत दिसलं. भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसायचं, कंबर भिंतीपासून सुटू द्यायची नाही, कोपर सरळ ठेवून दोन्ही हात वर न्यायचे. आप्पांचे अंगठे भिंतीपासून नऊ सेंटिमीटर दूर राहिले. छातीमागचा मणका मागे झुकत नाही, म्हणून खोल बैठकीत बार डोक्याच्या पुढे राहतो आणि खांदा तो तोल एकटा सांभाळतो. घोट्याची परीक्षाही साधी: पाऊल भिंतीपासून मागे नेत जायचं, टाच न उचलता गुडघा भिंतीला कुठवर लागतो ते मोजायचं. उजवा साडेदहा सेंटिमीटर, डावा सात. दुखरा गुडघाही डावाच. घोटा कमी वाकला की बैठकीत बूड मागे जातं, छाती पुढे पडते आणि वजन गुडघ्याच्या कंडरावर वाकडंतिकडं येतं. टाच उंच असलेले लिफ्टिंगचे बूट इथे चैन नव्हेत. आप्पा कॅनव्हासच्या बुटांवर उचलत होते.

गोळ्यांचा विषय आधी

विश्रांतीतला रक्तदाब १४८/९२. श्वास कोंडून जड वजन उचलताना रक्तदाब काही क्षण खूप वर जातो, तरुणाचाही. पण मुळातच चढलेल्या रक्तदाबावर तो आणखी चढणं वेगळं. १६०/१०० च्या वर आकडा असेल तर आधी डॉक्टर, मग बार. १८०/११० असेल त्या दिवशी बारला हात लावायचाच नाही. आप्पांना तपासणीनंतर उचलायची परवानगी मिळाली, दोन अटींवर: घरच्या यंत्रावर आठवड्यातून तीनदा मोजायचं, आणि क्लीन खांद्यावर आल्यावर बार गळ्यावर दाबून धरायचा नाही. बार गळ्याच्या शिरांवर दाबला गेला आणि श्वासही कोंडलेला असला की उभं राहताना डोळ्यांसमोर अंधारी येते, आणि वयस्कर माणूस बारसकट मागे पडू शकतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आप्पांची रक्तदाबाची गोळी दोन औषधांची मिळून होती, त्यातलं एक हायड्रोक्लोरोथायझाइड. ते लघवी वाढवणारं औषध आहे, आणि जागतिक उत्तेजकविरोधी यादीत लघवी वाढवणारी औषधं बंदी घातलेली आहेत. मास्टर्सच्या, म्हणजे ज्येष्ठ खेळाडूंच्या, स्पर्धेतही तपासणी होऊ शकते, आणि "बीपीची गोळी आहे" हे उत्तर चालत नाही. वैद्यकीय सूट मागावी लागते, नाहीतर डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावं लागतं. आप्पांना डॉक्टरांनी ॲम्लोडिपिन असलेली गोळी दिली. गोळी स्वतःहून बंद करायची नाही, हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्याच्या दृष्टीनेही हा बदल बरा झाला. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लघवी वाढवणाऱ्या गोळीवर घाम गाळणाऱ्याला पोटऱ्यांत गोळे येणं नेहमीचंच.

सोळा आठवडे: आधी दुखणं, मग बार

स्पर्धा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सुरुवात नोव्हेंबरच्या मध्यावर. पहिले चार आठवडे दुरुस्तीचे.

गुडघ्याच्या कंडराला पूर्ण विश्रांती दिली की दुखणं कमी होतं आणि पहिल्या जड बैठकीला परत येतं. कंडराला भार हवाच, पण हालचालीशिवाय. जाड पट्टा लोखंडी खांबाला बांधून दोन्ही गुडघ्यांमागून घेतला, मागे झुकत नव्वद अंशाच्या थोडं वर बसून ४५ सेकंद धरायचं, दोन मिनिटं थांबायचं, असं पाच वेळा. दुसऱ्या आठवड्यापासून संथ बैठका: खाली जायला चार सेकंद, वर यायला तीन, आठाचे चार सेट, ५० किलोपासून. मोजमाप एकच: दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालू ठेवायचं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला जिना उतरताना कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर भार वाढवायचा नाही. जिना हाच यातला खरा परीक्षक. व्यायाम चालू असताना अंग तापलेलं असतं आणि कंडरं खोटं बोलतात.

खांद्यासाठी पूर्ण स्नॅच बंद. पाठीचा मणका मोकळा करायला ठिबकच्या मुख्य वाहिनीचा ११० मिलिमीटरचा पाइप कापून त्याला जुनी सतरंजी गुंडाळली. तो खांद्याच्या पात्यांखाली आडवा ठेवून, हात डोक्यामागे बांधून, मागे झुकत दहा श्वास, तीन जागी. शिवाय दोराने खेचायची रोइंग, आणि आडव्या बारला फक्त लटकणं, २० सेकंदांचे चार फेरे. लटकताना कळ आली तर पाय जमिनीवर टेकवून अर्धा भार. चौथ्या आठवड्याच्या शेवटी अंगठे भिंतीपासून सहा सेंटिमीटरवर आले. या वयात तीन सेंटिमीटर ही चांगली मजल आहे.

मग नऊ आठवडे, तीन-तीन आठवड्यांच्या तीन लाटा. प्रत्येक लाटेत पहिला आठवडा मध्यम, दुसरा जड, तिसरा हलका. तरुणांना तीन आठवडे चढ आणि एक उतार पुरतो. पंचावन्नच्या पुढे दोन चढ आणि एक उतार. हिशोबासाठी कमाल धरली स्नॅचला ६० आणि क्लीन अँड जर्कला ७८, म्हणजे त्या घडीच्या खऱ्या कमालीपेक्षा थोडी कमीच. पुढच्या प्रत्येक लाटेला दोन्हीकडे एकेक किलो.

आठवड्यात तीनच दिवस: मंगळवार, गुरुवार, शनिवार. सोमवार मुद्दाम टाळला. कापसाच्या वेचणीचे दिवस, आप्पा रविवारी शेतात वाकलेले असतात, गाठोडी उचलतात. सोमवारी कंबर लाकडासारखी. जुन्या वेळापत्रकात आठवड्यातला सर्वात जड दिवस नेमका सोमवार होता. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून तो दिवस पहाटेचा न ठेवता साडेचारचा ठेवला. दिवसभर चालून-फिरून मोकळं झालेलं अंग संध्याकाळी फार वेगळं वागतं.

मंगळवारचा, मध्यम आठवड्यातला, पूर्ण दिवस असा जातो. पहाटे साडेपाचला पाच मिनिटं भरभर चालणं, मग पाइपवर पाठ, मग काठीने खांदे. रिकाम्या बारवर तीन फेरे: प्रत्येकात तीन खेचणी, तीन उंच खेचणी, तीन वेळा बार न थांबता डोक्यावर. वॉर्मअपलाच वीस मिनिटं जातात, आणि ती जाऊ द्यायची. पुढे ३० किलो तीनदा (ठोकळ्यांवरून), ३७ दोनदा मांडीवरून लटकत्या बारने, ४३ दोनदा. मग कामाचे सेट: ४८ किलोचा पॉवर स्नॅच, दोनाचे पाच सेट, मध्ये अडीच ते तीन मिनिटं. पाचव्या सेटचा बार पहिल्याइतक्याच झपाट्याने गेला पाहिजे. नाही गेला तर चौथ्यावरच थांबायचं. त्यानंतर स्नॅच पुल (बार डोक्यावर न नेता फक्त खेचणं) ६६ किलो, तीनाचे तीन. पाठीवरची बैठक ९२, तीनाचे तीन. शेवटी रोइंग आणि पोटाचं काम. सव्वा तासात बाहेर. जड आठवड्यात ४८ दोनदा, ५० एकदा आणि ५२ चार वेळा एकेक. हलक्या आठवड्यात ४० च्या आसपास दोनाचे चार, बैठक नाहीच.

दहा उचली पाहून व्यायामशाळेतली पोरं कुरकुर करतात. सोव्हिएत काळातला प्रिलेपिनचा तक्ता ८० ते ९० टक्क्यांच्या पट्ट्यात एका दिवसाला दहा ते वीस उचली सांगतो, पंधरा सर्वात योग्य. पण तो तक्ता ज्यांच्या नोंदींवरून झाला ते ऐन भरातले तरुण खेळाडू होते, आणि त्यांना ना शाळा होती ना शेत. पंचावन्नच्या पुढे त्या तक्त्याची खालची कड धरावी. स्नायू दोन दिवसांत सावरतो. कंडराला जास्त वेळ लागतो, आणि वयाबरोबर तो वाढत जातो. जुन्या वेळापत्रकाने आप्पांच्या स्नायूंना फसवलं नाही, कंडरांना फसवलं.

गुरुवार हा वेगाचा दिवस. तो काढून टाकायचा मोह होतो, कारण त्यात घाम येत नाही. वय वाढतं तसे झटक्याचं काम करणारे स्नायूतंतू आधी बारीक होतात, म्हणून हा दिवस जपायचा. ठोकळ्यांवरून पॉवर क्लीन ५० किलो, दोनाचे सहा, दर सव्वा मिनिटाला एक सेट. जर्कची पावलं ४० किलोवर, दोनाचे पाच. एका पायाने पायरी चढणं, आणि दोन्ही हातांत वीस-वीसच्या प्लेट घेऊन तीस मीटर चालणं, चार फेऱ्या. पाऊण तास. घरी जाताना अंग आल्यापेक्षा हलकं वाटलं तर दिवस बरोबर झाला.

शनिवारी क्लीन अँड जर्क: मध्यम आठवड्यात ६२ किलो सहा वेळा एकेक, जड आठवड्यात ६८ चार वेळा. क्लीन पुल ८२, दोनाचे तीन. पुढची बैठक ८४, दोनाचे तीन. शनिवार ते मंगळवार तीन दिवस, मंगळवार ते शनिवार चार. आधी हे अंतर चोवीस तासांचं होतं.

झोपेचा नियम मात्र खानदेशातल्या शेतकऱ्यासाठी वेगळा करावा लागला. रब्बीला शेतीपंपाची वीज पाळीने येते, काही दिवस रात्रीची. त्या रात्री गव्हाला पाणी द्यायला आप्पा बांधावर. कुठलंही छापील वेळापत्रक ही गोष्ट धरत नाही. नियम असा ठरला: जड दिवसाआधीच्या दोन रात्री मिळून बारा तासांपेक्षा कमी झोप झाली तर त्या दिवशी गुरुवारचा हलका व्यायाम करायचा आणि जड दिवस दोन दिवस पुढे सरकवायचा. वगळायचा नाही, सरकवायचा.

खाण्यात एकच त्रुटी होती, पण मोठी. प्रथिनं दिवसाला ६५ ग्रॅमच्या घरात. या वयात स्नायू टिकवून जड व्यायाम करायचा तर शरीराच्या दर किलोला १.४ ते १.६ ग्रॅम, म्हणजे आप्पांना ११२ ते १२८. त्यासाठी डबे विकत आणायची गरज नाही. दादरमध्ये उडीद मिसळून दळलेल्या कळण्याच्या चार भाकरी, शंभर ग्रॅम कोरडी डाळ दोन वेळा मिळून, चार अंडी, अर्धा लिटर दूध, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे: बेरीज ११५ च्या आसपास जाते. अट एवढीच की ती तीन-चार वेळांत विभागावी. दिवसभर चहावर राहून रात्री एकदम डाळ-बट्टी हा खानदेशी क्रम स्नायूंना उपयोगी पडत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने मात्र हा हिशोब डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

मध्ये काय बिघडलं

सहाव्या आठवड्यात आप्पांना लघवीचा संसर्ग झाला. सिप्रोफ्लोक्सॅसिनचा कोर्स सुरू झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे खाटेवरून उतरून उजवं पाऊल टेकवलं तर टाचेच्या मागच्या शिरेत सुई टोचल्यासारखं. चिमटीत धरून दाबलं तर टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर नेमकी जागा दुखत होती. दोन-चार पावलांत कमी झालं. जर्कमुळे ओढलं असेल असं समजून बहुतेक जण दुर्लक्ष करतात, कारण जर्कच्या फाकीत (एक पाय पुढे, एक मागे) मागचा पाय उजवा आणि त्याच्या चवड्यावर सगळा ताण.

या गटातली प्रतिजैविकं, म्हणजे सिप्रोफ्लोक्सॅसिन, लेव्होफ्लोक्सॅसिन, ऑफ्लोक्सॅसिन, कंडराला इजा करू शकतात, सर्वात जास्त टाचेच्या कंडराला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या औषधांच्या वेष्टणावर ठळक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढे, मूत्रपिंडाच्या आजारात आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना धोका वाढतो. दुखणं पहिल्याच दिवसांत सुरू होऊ शकतं, किंवा कोर्स संपल्यावर कित्येक आठवड्यांनीही. आपल्याकडे ही औषधं फार सहज दिली जातात. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक वेटलिफ्टरने डॉक्टरांना आधीच सांगावं की मी जड वजन उचलतो, दुसरं औषध चालेल का. आप्पांनी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, औषध बदललं गेलं. तीन आठवडे फाकीचा जर्क बंद, उड्या बंद, चवड्यावर जाणारी प्रत्येक खेचणी बंद. त्याऐवजी टाचा जमिनीवर घट्ट ठेवून खांद्यावरचा प्रेस ४० किलोपर्यंत, आणि क्लीनऐवजी गुडघ्यापर्यंतची संथ खेचणी. शिरेचं दुखणं पूर्ण गेल्यावरच फाक, तीही रिकाम्या बारपासून.

त्यामुळे दुसऱ्या लाटेतला क्लीन अँड जर्कचा जड आठवडा गेला. तो भरून काढायचा प्रयत्न केला नाही. राहिलेलं काम पुढच्या आठवड्यात कोंबणं ही या वयातली सर्वात महागडी चूक.

दुसरी घटना दहाव्या आठवड्यातली, तिसऱ्या लाटेच्या अलीकडच्या हलक्या मंगळवारी. बार उडत होता. "आप्पा, आज तर पाखरू होऊन राहिलं, लावू का पन्नास-पंचावन्न?" म्हणत एका पोराने प्लेट उचललीसुद्धा. आप्पांनी ती खाली ठेवायला लावली. हलक्या आठवड्यात बार हलका वाटतो तो विश्रांतीमुळे. ती कमाई त्याच दिवशी उधळली तर पुढच्या जड आठवड्यात हातात काही राहत नाही. वहीत त्या दिवशी फक्त "४० किलो, चार सेट, वेग चांगला" एवढीच नोंद आहे.

शेवटचे तीन आठवडे आणि स्पर्धा

चौदाव्या आठवड्यात स्नॅच ५९ आणि क्लीन अँड जर्क ७६, एकेकदाच. पंधराव्यात ५२ आणि ६८, बैठका निम्म्या. शेवटचा जड जर्क स्पर्धेच्या दहा दिवस आधी, शेवटचा जड स्नॅच सात दिवस आधी. तरुण खेळाडू चार दिवस आधीपर्यंत जड घेतात, पण इथे ती घाई नको. वजन ७९ च्या गटात बसवायला दीड किलो उतरवायचा मोह होता. रक्तदाबाच्या गोळीवर असलेल्या माणसाने पाणी तोडून वजन उतरवू नये, म्हणून वरच्याच गटात नाव दिलं. वजनगट अलीकडे वारंवार बदलले आहेत, त्यामुळे प्रवेशअर्जावरचा गट पाहूनच ठरवावं.

मास्टर्सच्या स्पर्धेत वॉर्मअपचं गणित उलट्या बाजूने मांडावं लागतं. आपल्या पहिल्या उचलीआधी मंचावर किती उचली बाकी आहेत ते मोजायचं, आणि वॉर्मअपची प्रत्येक उचल तीन उचलींमागे एक अशी बसवायची. कुणी वजन वाढवून मागितलं की रांग लांबते आणि पन्नाशीचं अंग पाच मिनिटांत गार होतं. म्हणून शेवटच्या वॉर्मअपनंतर सहा मिनिटांहून जास्त वेळ गेला तर ७० टक्क्यांची एक उचल पुन्हा घ्यायची, खुर्चीवर बसून राहायचं नाही.

स्नॅच तिन्ही वेळा पॉवर स्नॅचच्या पद्धतीने. नियमात खोल बसण्याची सक्ती नाही. कोपर सरळ, बार स्थिर आणि पावलं एका रेषेत, हे पंच पाहतात. ५७ झाला, ६० झाला, ६३ पुढे पडला. क्लीन अँड जर्कला ७५ आणि ७९ झाले. ८२ ची तिसरी उचल सोडून दिली, कारण ७९ च्या जर्कनंतर टाच जाणवली होती. बेरीज १३९.

आधीच्या सात महिन्यांतल्या ६२ आणि ८० शी तुलना केली तर हा आकडा फुगलेला वाटणार नाही. पण ते ६२ आणि ८० व्यायामशाळेत, वेगवेगळ्या दिवशी, चारातली एक उचल पाडून आले होते. हे ६० आणि ७९ मंचावर, तासाभराच्या अंतराने, पंचांच्या पांढऱ्या दिव्यांत आले. सोळा आठवड्यांत पडलेल्या उचली हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच. गुडघा जिन्यावर दुखत नाही. खांदा जास्तीत जास्त वजनावर थोडा बोलतो, एरवी नाही. घरच्या यंत्रावर रक्तदाब १३४/८४ च्या आसपास राहतो. त्यात गोळीचा वाटा किती आणि झोपेचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

वयाचा मुद्दा निघालाच आहे तर, अमेरिकेच्या नॉर्बर्ट शेमान्स्कीने १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चाळीस वर्षांचा असताना कांस्यपदक घेतलं. तेव्हा स्नॅच आणि क्लीन अँड जर्कबरोबर प्रेस ही तिसरी उचलही असायची. ती १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर बंद झाली. तिन्ही उचलींचा भार त्याच्या खांद्यांवर चाळिशीतही होता.

एप्रिलपासून पुढे

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्नसराई आणि ऊन दोन्ही शिगेला. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी नऊनंतर बार हातात धरवत नाही आणि घामाने हुक ग्रिपमधला (बोटांखाली दाबून धरलेला) अंगठा निसटतो. एप्रिल ते जून आठवड्यात दोनच दिवस, पहाटे पाच ते सहा, ७५ टक्क्यांच्या वर काही नाही. जर्क दहा दिवसांतून एकदा. वेळ मिळतो तो घोट्यावर आणि पाठीवर घालायचा. डावा घोटा अजून आठ सेंटिमीटरवरच अडला आहे.

पाऊस पडून पेरणी आटोपली की पुन्हा लाटा. तेव्हा ठरवायचं ते एकच: पूर्ण स्नॅचकडे परत जायचं का. अंगठे भिंतीपासून चार सेंटिमीटरच्या आत आले आणि रिकाम्या बारची डोक्यावरची बैठक पाच वेळा कळ न येता झाली, तर जुलैत गुरुवारच्या हलक्या दिवशी ३० किलोपासून सुरू करता येईल. तसं झालं नाही तर फाकीचा स्नॅच शिकवायचा. जुन्या पिढीतले खेळाडू स्नॅच असाच घेत: एक पाय पुढे, एक मागे, धड उभं, त्यामुळे आखडलेला मणका आड येत नाही. आप्पांना फाकीचा जर्क येतोच, त्यामुळे पावलं नवी नाहीत. फक्त डावा गुडघा पुढे वाकून भार घेईल, म्हणून आधी सहा आठवडे पट्ट्यावरचं धरणं पुन्हा चालू.